खिळेबहाद्दर

ज्यांच्यासमवेत संग्रहालयात कदापि जाऊ नये, असे एक गृहस्थ प्रत्येकाच्या परिचयात असतातच. माझ्या वाट्यास आलेले नाना मामलेदार कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. परंतु पंचनाम्याची खोड काही त्यांनी सरकारजमा केली नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेल्या मस्तानी महालात, सारी मंडळी मस्तानीच्या स्मरणाने सद्गदित होत असता, नाना मान वर करून लाकडाचे सांधे न्याहाळतात व खड्या आवाजात विचारतात, "सुताराचे नाव कोठे आहे?"

अडकित्त्यांच्या कपाटापुढे तर आमची तहकुबी ठरलेलीच. ते नाजूक पितळी नक्षीकाम पाहून मी 'वाहवा' म्हणतो न म्हणतो, तोच कानाशी प्रश्न येतो, "खिळा पाहिलात?" दोन पाती जोडणारा तो मसुराएवढा खिळा! एकाचा मूळचा, दुसऱ्याचा मागाहून ठोकलेला, तिसऱ्याचा ढिला. सबब तिसऱ्या घरी सुपारीचा खप अमर्याद, असा निवाडा. पेटीचा खिळा, कुलुपाचा खिळा, दाराचा खिळा! वज्रीला खिळा नसतो म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकावा, तर तिच्या तळाची एकीकडची झीज पाहून पाय घासणारी बाई डावखुरी असल्याचे शाबीत होते. पहारेकरी हल्ली नाना दिसताच वरच्या मजल्यावर जातो.

चष्म्यांचे दुकान चालविणाऱ्या दिनकररावांनी १९२० च्या सुमारास आरंभ करून, पुढे पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव हिंडून, जमविलेल्या २०,००० च्या आसपास वस्तूंत तख्ते-मुकुटांपेक्षा माजघर-स्वयंपाकघरातला ऐवजच बहुत. तेव्हा त्यांना नानांसारखाच प्रेक्षक अभिप्रेत असावा, हे कबूल करणे मला जड जाते.

परवा एका पाहुण्यांनी पाटीकडे बोट दाखवून विचारले, "हे राजे कोणत्या संस्थानचे?" आता बिचाऱ्यांची धडगत नाही, असे वाटून मी पुढे सरसावलो. पण नाना हलक्या आवाजात म्हणाले, "संस्थानिक नव्हेत. केळकरांचा मुलगा. राजा. लहानपणीच गेला." गृहस्थ ओशाळले, खाली पाहू लागले. तेव्हा नानांनी त्यांच्या कोपरास धरून त्यांना अडकित्त्यांकडे नेले आणि पुढला अर्धा तास मी, प्रथमच, मोकळेपणी नक्षीकाम पाहिले.