धुऱ्यावरचा साग आणि मेहुण्याची कँडल

भद्रावतीत पैसा जमिनीखाली आहे, असं लहानपणापासून ऐकत आलो. खोटं नाही. आमच्या पायाखालचा कोळसा तयार व्हायला पंचवीस कोटींहून जास्त वर्षं लागली, आणि शेत खाणीत गेलेल्या काही जणांनी त्याचा मोबदला वर्षभरात संपवून दाखवला. चेक जमा झाला की दारात पांढरी गाडी, पाठोपाठ पोराचं लग्न, लग्नात डीजे. आणि पुढच्या दिवाळीत त्याच गाडीत डिझेल टाकायला उसनवारी. हसतो आपण, पण ज्याने पिढ्यान्‌पिढ्या पैसा फक्त पिकाच्या रूपात पाहिला, त्याच्या हातात एकदम सात आकडी रक्कम ठेवली तर तो तरी काय करणार?

जमिनीवरचा पैसा म्हणजे साग. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत निघाला, तेव्हा काकांना एकदम धुऱ्यावरची आपली झाडं आठवली. त्यांच्या वडिलांनी लावलेली. सागाचा गाभा चांगला भरायला पन्नास-साठ वर्षं जातात, आणि झाड आपल्या धुऱ्यावर असलं तरी तोडायला वनखात्याची परवानगी, मग लाकडावर हातोड्याचा शिक्का, मग वाहतुकीचा पास. मी म्हटलं, "केवढी कटकट!" काका म्हणाले, "म्हणून तर वाचले बाप्पा. परवानगी लागली नसती, तर साळीच्याच लग्नात गेले असते."

सरकारने हाच उधळा स्वभाव ओळखून १९६८ मध्ये पीपीएफ काढला असावा. पंधरा वर्षं मुदत. मधे थोडे पैसे काढता येतात, पण फॉर्म भरायच्या कंटाळ्याने बऱ्याच जणांचे वाढत राहतात. आळसाला ७.१ टक्के व्याज देणारी दुसरी सोय माझ्या पाहण्यात नाही. महिन्याला हजार टाका, हाच दर राहिला तर पंधरा वर्षांत एक लाख ऐंशी हजारांचे तीन लाख पंधरा हजारांच्या आसपास होतात. आणखी दहा वर्षं तसंच चालू ठेवलं, तर तीन लाखांचे जवळपास आठ. मधल्या काळात तुम्ही काय करायचं? काही नाही. बहुतेकांना जमत नाही ते इथेच.

माझ्या मेहुण्याला तर अजिबात नाही. "भाऊजी, पीपीएफ म्हाताऱ्यांसाठी राहते," असं सांगून तो शेअर बाजारात, ऑप्शनमध्ये उतरला. मे महिन्यात बाहेर चंद्रपूरचं ऊन भाजून काढत असतं आणि हा सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन कूलरपुढे, दोन मोबाइल घेऊन. जेवायला बोलावलं की म्हणतो, "थांब, चार्टवर कँडल बनून राहिली." त्याच्या चार वर्षांच्या पोरीला वाटतं, बाबाचा रोज वाढदिवस असतो. २०२४ मध्ये सेबीने अहवाल काढला की वायदे बाजारात उतरणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव जणांनी तीन वर्षांत पैसे गमावले. तो त्याला वाचून दाखवला. "मी उरलेल्या सातांतला आहे, भाऊजी," तो म्हणाला, "फक्त नफा अजून यायचा आहे."

आमच्याकडे पोस्टाच्या आरडीसाठी एजंट ताई येतात. उन्हाचा स्कार्फ सोडतात, पिशवीतून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढतात, आमचं कार्ड बरोबर मधून उपसतात, नोटा दोनदा मोजतात आणि सही करतात. याला दोन मिनिटं. उरलेला पाऊण तास चहा, मुगवड्या आणि गौराळ्यापासून भांदक स्टेशनपर्यंत कोणाच्या घरी काय चाललंय याचा आढावा. आमची ही म्हणते, आरडीचं व्याज ताई चहातच वसूल करतात. पण सासूबाई आजारी होत्या तेव्हा डबा घेऊन सगळ्यात आधी पोचल्या त्या याच. ते व्याज कुठल्या रकान्यात मांडायचं, हे तिने सांगितलेलं नाही.

हिवाळ्यात मात्र आम्ही सगळे नागभीडकडे मंडईच्या जत्रेला जातो. दिवसा पाहुणे आणि जेवणं, रात्री झाडीपट्टीचं नाटक. वडशाची कंपनी, दहाला पडदा उघडतो आणि पार उजाडेपर्यंत चालतं. पोरंसोरं मांडीवर झोपतात, म्हातारे घोंगडी लपेटून जागे. यंदा मेहुण्यालाही ओढून नेलं. रात्रीचा एक वाजला. रंगमंचावर खलनायकाने नायकाच्या बापाकडून सात-बारा लिहून घ्यायला नुकतीच लेखणी पुढे केली होती, आणि आमच्या रांगेत मोबाइलचा पांढरा उजेड पडला.

"अबे, बाजार तर साडेतीनलाच बंद झाला ना?" मी कुजबुजलो.

"अमेरिकेचा चालू आहे, भाऊजी."

मागून एका आजीबाईंनी त्याच्या पाठीत काठीचं टोक टोचलं. "काऊन रे पोरा, बंद कर ना ते. त्या बुड्याची जमीन चालली तिकडं, अन् मले काही दिसून नाही राहिलं!"