संस्थेच्या परवानगीने

विंडोज १० मध्ये वॉलपेपर बदलायला गेलं की कधीकधी वर लाल अक्षरांत एक ओळ येते. तिचा मथितार्थ असा, की यातल्या काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते. खाली सगळी बटणं करडी. आमच्या घरात तीन पिढ्या, दोन खोल्या आणि एक तुळस आहे. संस्था म्हणावी असं काही नाही. निदान नोंदणीकृत तरी नाही.

संगणक एका कंपनीने मोडीत काढलेला, म्हणून स्वस्तात मिळालेला. पडद्यावर पिवळं हेल्मेट घातलेले एक गृहस्थ अंगठा दाखवत उभे, खाली ‘सेफ्टी फर्स्ट’. आईला तिथे जेजुरीचा खंडोबा हवा होता, हिला आंबोलीचा धबधबा आणि चिरंजीवांना कुठलासा तलवारवाला जपानी पोरगा. मला काहीच नको होतं, त्यामुळे काम माझ्याकडे आलं.

दुकानदार म्हणाला, “फॉरमॅट मारावं लागेल.” माउस चालत नाही म्हणालो असतो तरी तो हेच म्हणाला असता. मेहुण्यांचं निदान वेगळं: “विंडोज चोरीचं असणार!” यात अगदीच तथ्य नाही असं नाही. अ‍ॅक्टिव्हेट न केलेल्या विंडोजमध्येही ही बटणं करडी पडतात. मात्र तिथे फोटोवर राइट क्लिक करून ‘सेट अ‍ॅज डेस्कटॉप बॅकग्राउंड’ म्हटलं की चित्र निमूट लागतं. पुढचं दार बंद, मागचं सताड उघडं. विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ नावाची गरीब आवृत्ती २००९ साली आली, तिच्यात तर वॉलपेपर बदलायची सोयच ठेवली नव्हती. भिंत पाहिजे तर द्या वरचे पैसे! आमचं विंडोज मात्र रीतसर होतं आणि राइट क्लिकलाही हेल्मेटवाले बधले नाहीत.

शेवटी भाचा फोनवर आला. “मामा, विंडोजचं बटण आणि आर दाबा, जीपीएडिट डॉट एमएससी लिहा.” विंडोजच्या होम आवृत्तीत ही सोय नसते, तिथे थेट रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. कंपनीचं यंत्र प्रो असल्यामुळे खिडकी उघडली. आत कंट्रोल पॅनेल, त्यात पर्सनलायझेशन, आणि तिथे वॉलपेपर बदलण्यास मनाई करणारा नियम ‘एनेबल्ड’. म्हणजे मनाई चालू. तो ‘नॉट कॉन्फिगर्ड’ केला.

“आता डेस्कटॉपमध्ये जा. त्यात अजून एक डेस्कटॉप आहे, त्यात जा.”

“डेस्कटॉपच्या आत डेस्कटॉप?”

“मामा, विचारू नका. जा.”

तिथे हेल्मेटवाल्यांच्या चित्राचा पत्ता लिहून ठेवला होता. पहिला नियम मनाई करतो, दुसरा हेच चित्र लावा म्हणतो. दोन्ही काढले, संगणक बंद करून चालू केला, तरी भाच्याचं समाधान होईना. मग रजिस्ट्री उघडायला लावून आधी तिची प्रत काढून घ्यायला सांगितली. इथे कुठे हात फिरला तर वॉलपेपरच काय, पडदाही दिसायचा नाही, असा एकूण सूर.

बदलास मनाई करणारी नोंद जिथे असते त्या कप्प्याचं नाव ‘अ‍ॅक्टिव्ह डेस्कटॉप’. ही सुविधा १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर आली आणि व्हिस्टाच्या वेळी काढून टाकली गेली. कप्प्यावरचं नाव मात्र तसंच, जसं आमच्या गावच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं आहे. नियमांबरोबर आतली नोंदही गेली होती. बटणं काळी झाली. मी विजयी मुद्रेने मागे पाहिलं, तर तिघे आपापला पेनड्राइव्ह घेऊन रांगेत.

कुलूप होतं तेव्हा तिघांचं वैर हेल्मेटवाल्यांशी होतं. आता त्यांना एकमेकांशी भांडायची सोय झाली. तोड म्हणून मी स्लाइडशो लावला: दर १० मिनिटांनी चित्र बदलेल, सगळ्यांना सारखा वेळ. पहिल्याच फेरीत खंडोबा जाऊन जपानी पोरगा तलवार उपसून आला आणि आई कडाडली, “अरे, उत्तरपूजा न करता देव हलवतात का?”

मग मुदत वाढवून एक दिवस केली आणि सात चित्रांचं फोल्डर वारांच्या क्रमाने लावलं. रविवार अर्थातच खंडोबाचा. बाकीचे वार हिने आणि चिरंजीवांनी शनिवारपर्यंत घासाघीस करून वाटून घेतले. पण स्लाइडशो चालू असला की राइट क्लिकच्या यादीत ‘नेक्स्ट डेस्कटॉप बॅकग्राउंड’ असा पर्याय हजर होतो, आणि तो चिरंजीवांना लगेच सापडला. सगळा आठवडा सरकला. कोणी किती वेळा दाबलं याचा हिशेब लागेना आणि मागे जायचं बटण विंडोजने दिलेलं नाही.

सध्या आमच्याकडे खंडोबा बुधवारी येतो. त्या दिवशी वांग्याचं भरीत असतं.