वाघाला किती गुंठे लागतात?

लोधिवलीच्या नाक्यावर वडापाव ज्या कागदात मिळाला, त्याच कागदावर वाघीण होती. तेलाने अर्धी पारदर्शक झालेली, पण वाचता येण्याजोगी. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याची वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, चांदोलीला आणली गेली. सासरी नाव बदलायची रीतही पाळली गेली: तिकडची चंदा इकडे तारा झाली. असे एकूण आठ वाघ आणायची परवानगी आहे.

"आपल्याकडे पण एक जोडी मागवू," मी म्हटलं. "माणिकगड आहे, इर्शाळ आहे, प्रबळगड आहे."

बाकावर आमचे एजंटभाऊ बसले होते. त्यांनी मिरचीचा देठ बाजूला ठेवला आणि विचारलं, "किती गुंठे लागतील?"

भक्ष्याने चांगलं भरलेलं जंगल असलं, तरी एका वाघिणीला वीसेक चौरस किलोमीटर लागतात. भाऊंनी मोबाइलवर हिशेब केला. जवळपास दोन लाख गुंठे! त्यांचे डोळे पाणावले. "एवढं सलग? आणि एकटीला? त्यात बंगलो प्लॉट किती पडतील, माहितेय?"

मी त्यांना शास्त्र सांगितलं. कमानीतला मधला दगड काढला की कमान कोसळते. रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1969 मध्ये त्या दगडाचं नाव काही प्राण्यांना दिलं. आपण त्यांना कळीचे प्राणी म्हणू. वाघ गेला की हरणं, डुकरं निर्धास्त चरतात, कोवळी रोपं उभीच राहत नाहीत आणि जंगल म्हातारं होत जातं.

बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं, की कळीचा प्राणी समोरच बसलाय. भाऊ उठले की जेसीबी उठतो. जेसीबीमागून डंपर, डंपरमागून बोअरवेलची गाडी, तिच्यामागून तारेचं कुंपण आणि कुंपणावर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी. तिच्यावर वॉचमन, माळी, पूल साफ करणारा आणि चहावाला जगतो. हा एक प्राणी काढला, तर अख्खी कमान खाली येईल. सुदैवाने याला कुठून आणून सोडावं लागत नाही. पिंजऱ्याविनाही पैदास उत्तम.

"पण वाघ आला, तर व्ह्यूला रेट येईल," भाऊ विचार करून म्हणाले. "फक्त तो कुंपणाबाहेर पाहिजे."

बाहेर म्हणजे कुठे? कर्नाळा अभयारण्याच्या पोटातून मुंबई-गोवा महामार्ग गेलाय. तिथून माथेरानच्या डोंगराकडे निघालेल्या वाघापुढे जुना मुंबई-पुणे हायवे, एक्स्प्रेसवे आणि पनवेल-कर्जत रेल्वे. त्यातून वाचला, तर भाऊंची स्कीम, फेज टू.

गंमत अशी, की तारा येण्याआधीच सह्याद्री प्रकल्पात तीन नर वाघ पोहोचले होते. दक्षिणेकडून, डोंगराडोंगराने, स्वतःच्या पायांनी. ना टेंडर, ना ट्रक, ना हार-तुरे. त्यांच्या वाटेत जंगल सलग होतं, एवढंच. आमच्याकडे सलग आहे ते कुंपण.

तेव्हा भाऊ, वाघाचं आम्ही बघतो. तुम्ही पुढचा प्लॉट विकताना दोन कुंपणांच्या मध्ये एक वाट तेवढी सोडा.