पिक्चरमध्ये कोण कोण

इंग्रजाच्या लेखी पिक्चर म्हणजे चित्र. आपल्याकडे भिंतीवरच्या चित्राला पिक्चर म्हणून बघा, घरातली माणसं तापच बघतील. तो फोटो! गणपतीचा फोटो, दत्ताचा फोटो, विठ्ठल-रखुमाईचा फोटो. दत्तगुरूंनी तो कुठल्या स्टुडिओत बसून काढून घेतला, ही शंका आरतीच्या वेळी कुणाला येत नाही. पिक्चर मात्र हलला पाहिजे, बोलला पाहिजे आणि इंटरव्हलला वडा मिळाला पाहिजे.

या वाटणीच्या बांधावर दादासाहेब फाळके उभे आहेत. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी फोटो होऊन बसल्या. याच छापखान्यासाठी फाळक्यांनी काम केलं, आणि मग देवांना खिळ्यावरून उतरवून चालायला लावलं. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की लोक पायांतल्या वहाणा काढून हात जोडत, असं सांगतात. त्यात राम अण्णा साळुंखे आणि सीताही अण्णा साळुंखेच! नमस्कार करणाऱ्याने कधी हिशेब मागितला नाही.

बोलपट आले, तेव्हा इंग्रजीत ‘टॉकी’ म्हणजे पिक्चरच होता. आपण ते नाव सरळ इमारतीला देऊन टाकलं. म्हणून टॉकीजला पिक्चर लागतो. लागतो, चालतो, नाहीतर पडतो.

पिक्चरचा अस्सल इंग्रजी अर्थ मराठीत सांभाळला तो एका टीव्ही दुरुस्तीवाल्याने. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी पिक्चर लागलेला, शेजारपाजारची पोरं सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली, आणि पिक्चर लागलाय पण पिक्चरच येत नाही! नुसता आवाज. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला यायचा, मागचं झाकण उघडून धूळ फुंकायचा, स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचायचा आणि डॉक्टरच्या सुरात म्हणायचा, “पिक्चर ट्यूब गेली.” खर्चाचा आकडा ऐकून घरात सुतक. चुकीच्या अर्थाने या शब्दाने आपल्याला इतकं सुख दिलं, आणि बरोबर अर्थाने आला तेव्हा नेमका बिल घेऊन आला.

आता ऑफिसात साहेब म्हणतात, “तुम्ही जरा बिग पिक्चर बघा.” आम्ही मान डोलावतो. मनात मात्र पहिली चौकशी हिरोईनची. हिरो कोण, ते साहेबांनी आधीच ठरवलेलं असतं.