परण्यातला मारिओ

कोल्हार-भगवतीपूरला लग्नसराईत परण्या निघाला, की बेंजो पार्टीत हा गडी हमखास दिसतो. वय पस्तिशीचं, अंगात पार्टीचं चमकी जाकीट, पुढ्यात टायपरायटरसारख्या बटणांचा बेंजो. सुरुवात रीतसर ‘झिंगाट’नं. पोरं घामाघूम झाली, की दोन गाण्यांच्या मधल्या फटीतून व्हिडिओ गेममधला मारिओ घुसतो.

लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमवर या बेंजोवाल्याचं शिक्षण झालं. कॅसेट चालेना, की उपसायची, फुंकर मारायची, परत खोचायची. शाळेतल्या कविता विसरल्या, पण गेममधल्या चाली पाठ राहिल्या. आजही बेंजोचा आवाज बसला, की हा आधी पिन काढून फुंकतो आणि मग वायर तपासतो.

शास्त्र पक्कं. “त्या गेमच्या डब्यात आवाज पाचच,” तो नवशिक्या ताशेवाल्याला सांगतो. “दोन चालीला, एक खर्जाला, एक खरखर, अन् एक आधीच भरलेला. चालीला मी अन् कॅसिओ. खरखर तुझी.” ताशेवाल्याला हा मान आहे की अपमान, ते अजून ठरवता आलेलं नाही.

नवरदेवावरून कुणी दहाची नोट ओवाळली, की बेंजोवर नाणं वेचल्याचे दोन सूर उमटतात. मारिओला शंभर नाण्यांवर एक जीव जास्त मिळतो. म्हणून शंभराच्या नोटेला जीव मिळाल्याची धून. देणाऱ्याला वाटतं, खास आपल्या नावानं काही वाजलं. तो दुसरी नोट काढतो.

खरी करामत मुहूर्त टळायला आला की. गेममध्ये वेळ शंभरावर आली, की संगीत पळायला लागतं. इकडे नगर-मनमाड रस्त्यावर मागे उसाच्या गाड्या हॉर्न देतायत, मांडवातून भटजींचे फोनवर फोन येतायत. अशा वेळी हा तीच पळती चाल सोडतो. नाचणारे आपोआप पुढे सरकतात. घोडासुद्धा.

भगवतीच्या दारासमोर मात्र फक्त देवीचं गाणं. तिथं खेळ नाही.

एकदा नवऱ्याच्या मामांनी हटकलंच. “काय रं, ह्ये कुठलं गाणं?”

“मामा, त्या नळवाल्याचं.”

“कुठला नळवाला? बाभळेश्वरचा?”

“जपानचा.”

“आन् मंग आपल्या परण्यात काय काम त्याचं?”

बेंजोवाला याच प्रश्नाची वाट बघत असतो. हा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ ताइशोगोतो नावाचं जपानी वाद्य. गोरो मोरिता यांनी ते १९१२ साली नागोया शहरात काढलं. मारिओची चाल १९८५ची, कोजी कोंडो यांची. त्यांचा जन्मही नागोयाचाच. “म्हंजी वाद्य अन् चाल एकाच गावची, मामा. अमेरिकेच्या सरकारी लायब्ररीनं २०२३ साली ही चाल जतन करण्यासारख्या ध्वनिमुद्रणांत घेतली. मी काय परकं वाजवत न्हाय. ह्यो मारिओ आपल्या बेंजोच्या भावकीतला!”

भावकी म्हटल्यावर मामांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

“मंग आधी सांगायचं ना! पत्रिका दिली व्हती का त्याला?”