नाक जरा लहान करा

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी ‘पीजे’ होती तोवर चित्रकारांची चैन होती. छप्पन्न किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी, वेग असा की समोरच्या बाबांच्या मिशीचा केस न् केस मोजून काढावा. 2020च्या टाळेबंदीत ती थांबली. आता रुंद रूळ येणार म्हणतात. म्हणजे चित्रं धूसर येणार.

उरली एसटी. तिच्यात रेघ तुम्ही ओढत नाही, रस्ता ओढतो. एका खड्ड्यात मावशींना दाढी फुटली होती.

शिवाय खान्देशात गुपचूप चित्र काढणं अशक्य. तुम्ही पेन्सिल काढली की मागच्या सीटवरून तीन डोकी वहीत. मग समीक्षा सुरू: “कान राह्यला.” “टोपी तिरपी कर ना भो!” आणि ज्याचं चित्र, तो शेवटी विचारतो, “मनं नाक इतलं मोठं शे का?” उत्तर खरं द्यावं तर जामनेरपर्यंत उभ्यानं जावं लागतं.

शेजारच्या चाळीसगावचे केकी मूस शहाणे. या छायाचित्रकारानं आयुष्याची कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पाऊलच टाकलं नाही. ज्यांना चेहरा टिपून हवा, ते त्यांच्या दारी.

हल्ली मात्र मॉडेल हलत नाहीत. अख्खी एसटी मान खाली घालून मोबाईलमध्ये. माझ्या वहीत यंदा बावीस टाळकी जमली आहेत. त्यातलं एक टक्कल खूप गाजलं. तिघांनी ते आपलंच म्हणून मागून घेतलं.