रेकॉर्डचं अभ्यंगस्नान

आमच्या घरी जुन्या रेकॉर्ड ऐकल्या जातात, असा आमच्या सोसायटीत एक समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. प्रत्यक्षात त्या पुसल्या जातात. ऐकायचा विषय अधूनमधून निघतो, पण ‘एकदा नीट स्वच्छ करून घेऊ आणि मग निवांत ऐकू’ या बोलीवर तो पुढच्या रविवारावर जातो.

रेकॉर्ड मामांच्या. मामा गिरगावातल्या चाळीत राहायचे आणि त्यांच्या रेकॉर्ड त्या चाळीतल्या सगळ्या पावसाळ्यांसकट माझ्याकडे पुण्याला आल्या. मुंबईच्या दमट हवेत रेकॉर्डला बुरशी लागते. एखादी एल.पी. खिडकीपाशी तिरकी धरली की काळ्या चकाकीवर पांढुरके ठिपके दिसायचे, कडेला अंगठ्याचा ठसा आणि त्या ठशाच्या रेषांत तेल. ठसा मामांचा, तेल बहुधा मामींच्या बटाटेवड्यांचं. मामांची साफसफाईची पद्धत सुटसुटीत होती. रेकॉर्डवर ‘हाऽऽ’ करून वाफ सोडायची, धोतराच्या सोग्यानं गोल पुसायची, सुई ठेवायची आणि डोळे मिटायचे. खरखर सुरू झाली की म्हणायचे, “थांब, तंबोरा जुळतोय.”

मी मात्र अभ्यासू निघालो. एल.पी.च्या एका बाजूला वीसेक मिनिटांचं गाणं मावतं आणि ती मिनिटाला 33⅓ फेरे घेते. म्हणजे सुई साडेसहाशेहून जास्त प्रदक्षिणा घालते, आणि ती वाट सरळ करून मोजली तर 400 मीटरहून लांब भरते. रुंदी साधारण माणसाच्या केसाएवढी. हे गणित मी जेवताना मांडलं.

“म्हणजे तुम्हाला अर्धा किलोमीटर गटार उपसायचंय,” ही म्हणाली आणि आमटी वाढायला लागली.

खोटं नव्हतं. कोरड्या फडक्यानं पुसलं की वरची धूळ खाली खाचेत ठासली जाते. ओल्या फडक्यानं पुसलं की तिचा चिखल होतो. पाणी वाळून जातं, चिखल जिथल्या तिथे. म्हणून आधी द्रावण घालायचं, बारीक ब्रशनं मळ सुटा करायचा आणि ते पाणी वाळायच्या आत मळासकट ओढून घ्यायचं. व्हॅक्युमचं मशीन लागतं ते यासाठी. तत्त्व इतकं सोपं की कुणालाही कळावं. ते मलाही कळलं, तिथेच घात झाला.

घरात व्हॅक्युम क्लीनर होताच. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो माळ्यावरून उतरायचा आणि भाऊबीज झाली की परत वर जायचा. त्याच्या नळीला मी पीव्हीसीचा पाइप जोडला, पाइपाला करवतीनं लांब फट पाडली आणि फटीच्या दोन्ही कडांना मखमल चिकटवली. विकतच्या मशीनमध्येही अशीच मखमल असते, रेकॉर्डला ओरखडा जाऊ नये म्हणून. माझी मखमल हिच्या दागिन्यांच्या डबीतली होती, लालभडक. जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरण्यांसाठी एक फिरतं ताट आहे, त्यावर रेकॉर्ड ठेवली, पाणी ओतलं आणि बटण दाबलं.

रेकॉर्ड टेबल सोडून पाइपाला जाऊन चिकटली. विकतच्या मशीनची मोटर बेतानं ओढते, रेकॉर्ड मधोमध आवळून धरलेली असते आणि ताट फिरवायला वेगळी मोटर असते. माझ्याकडे ताट फिरवायला मीच होतो. शिवाय घरातला व्हॅक्युम फक्त कोरड्या कचऱ्यासाठी असतो, ही माहिती त्याच्या पोटात पाणी गेल्यावर त्यानंच दिली. मागच्या जाळीतून दमट करडा फवारा निघाला आणि गेल्या दिवाळीचा सगळा कचरा नव्या डिस्टेंपरवर जाऊन बसला. रेकॉर्ड सोडवून पाहिली तर तिच्यावर मखमलीचा रंग उतरला होता.

“कुंकू तर लावलंत, आता ओटी भरा,” ही म्हणाली.

त्याच सुमारास रेकॉर्डसाठी नवं कपाट करून घेतलं होतं. त्याला पॉलिश करायला मिस्त्री यायचे. बाल्कनीत ते कपाट घासायचे, आत मी द्रावणाचे प्रयोग करायचो. डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि द्रावण सारखं पसरावं म्हणून साबणासारख्या द्रवाचे थेंब, असं एकूण पंचामृत. एल.पी.वर ते छान चाललं. मग मामांच्या 78च्या जाडजूड रेकॉर्डपैकी एक घेतली. लग्नाच्या बँडची होती, म्हणजे प्रयोगाला निर्धोक. या जुन्या रेकॉर्डला मळही जुना, तेव्हा पाण्याचा हात आखडता घेऊन अल्कोहोल सढळ ओतलं आणि कापसाचा बोळा फिरवला. बोळा काळाकुट्ट. दुसरा घेतला, तोही काळा. मला भरून आलं. एवढा मळ! मामा काय ऐकत होते इतकी वर्षं! मी जोर वाढवला, बोळ्यांचा ढीग पडला, तरी मळ संपेना. ‘ये, जरा बघून जा,’ म्हणून मी हिला हाकही मारली.

ही आली नाही, मिस्त्री आले. बोळा उचलून त्यांनी नाकाशी नेला, मग दोन बोटांत चिमटीनं चोळला. बोटं चिकटली.

“साहेब, मळ नाही हा. माल आहे.”

“म्हणजे?”

“चपडा आहे ना हा. लाख. आम्ही काय करतो बाहेर? लाख स्पिरिटमध्ये टाकतो, विरघळली की झालं पॉलिश.” मग त्यांनी माझ्या कामाकडे कारागिराच्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, “हात चांगलाय तुमचा. पण काळं पॉलिश आपल्या कपाटाला नाही शोभायचं.”

78च्या रेकॉर्ड लाखेच्या असतात, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेली असते, हे मी कैक ठिकाणी वाचलं होतं. अल्कोहोल लाखेला चालत नाही, हेही वाचलं होतं. वहीत लाल शाईनं खूण केली होती. वही त्या वेळी बोळ्यांच्या ढिगाखाली होती. बँडची रेकॉर्ड नंतर मी वाजवून पाहिली. वऱ्हाड कुठल्यातरी बोगद्यातून चाललं होतं.

मग विकतचंच मशीन घ्यायचं ठरलं. म्हणजे निवड आली, आणि निवड हा आमच्या घराण्यातला जुना आजार आहे. मी तक्ता आखला.

व्हॅक्युमच्या मशीनची मुख्यतः दोन घराणी. एक दोऱ्याचं. इंग्लंडात ‘द ग्रामोफोन’ मासिकातले तांत्रिक विषयांचे जाणकार पर्सी विल्सन यांच्या कल्पनेवरून कीथ मंक्स यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस हे मशीन बांधलं आणि बीबीसीसारख्या ठिकाणी ते रुजू झालं. रेकॉर्ड प्लेअरला असतो तसा एक बारीक हात, त्याच्या टोकाला नळीचं इवलंसं तोंड आणि ते तोंड रेकॉर्डला लागू नये म्हणून मधे नायलॉनचा दोरा. रीळ हळूहळू उलगडत राहतं, त्यामुळे रेकॉर्डला टेकणारा दोरा दर वेळी कोरा. एका वेळी खाचेच्या एवढ्याशा भागातलं पाणी ओढायचं, संथपणे, अख्खी बाजू होईपर्यंत. वाचून माझे डोळे पाणावले. किंमत वाचली, आणि कोरडे झाले.

दुसरं घराणं नळीचं. अमेरिकेचं व्हीपीआय, डचांचं ओकी नोकी, ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्टची मशीनं, सगळी यातली. रेकॉर्डवर आडवी येणारी मखमली फटीची नळी, दोन-तीन फेऱ्यांत अख्खी बाजू कोरडी. खर्च कमी, वेळ कमी, आवाज भरपूर. त्यातही एक मेख आहे. गरजेपेक्षा जास्त वेळ ओढत ठेवलं तर रेकॉर्डवर स्थिर वीज जमते आणि ती खोलीतली धूळ पुन्हा बोलावून घेते. म्हणजे फारच स्वच्छ करायला गेलं की परत घाण. (हे वाक्य मी हिला वाचून दाखवलं नाही.) ध्वनिलहरींनी धुणारी एक तिसरी जातही निघाली आहे. तिच्या वाटेला मी गेलो नाही, कारण तक्त्यात रकाना उरला नव्हता.

माझ्या एका मित्राकडे दोऱ्याचं मशीन आहे. ते प्रत्यक्ष पाहावं म्हणून त्यानं आम्हा चार-पाच जणांना संध्याकाळी बोलावलं. खोलीत पंखा बंद केला, कारण धूळ. बायका आत बसल्या, कारण पंखा. मित्रानं द्रावण घातलं, हात खाली सोडला आणि बोट वर करून म्हणाला, “ऐका.” आम्ही ऐकलं. काहीच ऐकू येईना. “बघा किती शांत आहे!” तो म्हणाला. खरंच फार शांत होतं. आम्ही माना डोलावल्या. एकानं तर ‘क्या बात है’ म्हटलं. दोन बाजू अशा ऐकून झाल्यावर कॉफी आली आणि आम्ही निघालो. धुतलेली रेकॉर्ड कुणाची होती, हे मला आजही ठाऊक नाही.

तरी तक्ता संपेना. आता प्रश्न ताटाचा होता. एक बाजू धुऊन रेकॉर्ड उलटली की ती धुतलेली बाजू त्याच ताटावर टेकते जिथे मघाशी घाणेरडी बाजू टेकली होती. यावर उपाय म्हणून काही मशीनमध्ये ताट फक्त लेबलाएवढंच असतं, बाकी रेकॉर्ड अधांतरी. पण अधांतरी म्हणजे ब्रश दाबताना वाकणार. हा सोवळ्याओवळ्याचा विचार करत रात्री दोन वाजता पडलो असताना मला केसरबाई केरकरांचा हेवा वाटला. 1977 साली नासानं व्हॉयेजरची दोन यानं सोडली. त्यांतल्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात गोव्यातल्या केरीच्या या बाईंची भैरवी आहे. तबकडी मिनिटाला 16⅔ फेऱ्यांनी वाजवायची. सोबत कार्ट्रिज आणि सुईसुद्धा दिली आहे, वरून ॲल्युमिनियमचं झाकण. ना बुरशी, ना बटाटेवडा. कायमची व्हॅक्युममध्येच ठेवलेली. अशी साठवण गिरगावात जमणं कठीण होतं.

शेवटी नळीचं मशीन मुक्रर केलं. माझा भाचा श्टुटगार्टला असतो. त्याला फोन केला.

“मामा, वजन किती आहे?”

“सात-आठ किलो.”

“आणि आईनं चॉकलेटं, दोन कढया आणि ऑलिव्ह ऑइल सांगितलंय.”

“कढया जर्मनीतून?”

“हे तुम्हीच बोला आईशी.”

ताईशी बोलायची माझी टाप नाही. भाच्यानंच आपले कपडे कमी केले आणि चार दिवस माझे शर्ट घालून पुण्यात हिंडला.

डिस्टिल्ड वॉटर मी बॅटरीच्या दुकानातून आणलं. “इन्व्हर्टर कुठला?” दुकानदारानं विचारलं. “कुमार गंधर्व,” म्हणायचं जिभेवर आलं होतं, पण गिळलं. मशीन सुरू केलं तेव्हा आवाज मिक्सरच्या वरताण निघाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातूनच विचारलं, “चटणी की इडलीचं?” पण काम चोख. ब्रशखाली पाणी करडं झालं, नळीखालून रेकॉर्ड पार गेली आणि मागे नव्या कोऱ्या डांबरासारखा काळा पट्टा उमटला. मी पाच-सहा एल.पी. धुतल्या आणि टाकीतलं पाणी काचेच्या बाटलीत काढून घेतलं. गढूळ, तळाला गाळ. ती बाटली मी शोकेसमध्ये ठेवली. आल्यागेल्याला दाखवतो. बघणाऱ्याला आधी ते कुठलंसं तीर्थ वाटतं, एका आजोबांनी तर हात पुढे केला होता.

मग, फारा दिवसांनी, रेकॉर्ड वाजवली.

मामांचा तंबोरा गेला होता. सुई टेकली तेव्हा खोलीत इतकी शांतता की ही स्वयंपाकघरातून “लाइट गेले का?” म्हणाली. गाणं सुरू झालं, आलापी स्वच्छ आली आणि पहिली चढी तान आली तशी ती फाटली. पुढची तानही फाटली. आधी हे सगळं खरखरीच्या पोटात लपलेलं होतं. मी मशीनचा दोष शोधू लागलो, द्रावणाचा, सुईचा. हिनं हात पुसत येऊन थोडा वेळ ऐकलं.

“नाण्याचं असेल,” ती म्हणाली.

“कुठलं नाणं?”

“मामा नाही का, सुई उडते म्हणून वर चार आणे ठेवायचे? कधी आठ आणे.”

ठेवायचे खरे. त्यांच्या प्लेअरचा हात मुळातच जड, त्यावर ते नाणं सेलोटेपनं चिकटवलेलं असायचं. तेवढ्या वजनाखाली सुईनं खाचेच्या भिंती वर्षानुवर्षं तासल्या होत्या. मळ ओढून काढता येतो, पण तासून गेलेलं गाणं कुठलं मशीन परत आणणार? जर्मनीहून सात-आठ किलो आणून मी मामांचे चार आणे स्वच्छ ऐकत होतो. आवडत्या रेकॉर्डवर ते जास्त ऐकू येतात. ज्या मामांनी फारशा लावल्याच नाहीत, त्या ठणठणीत आहेत. एका इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या रेकॉर्डचा तर आवाज असा खणखणीत की काय सांगावं.

धुणं मात्र चालू आहे, कारण अजून अर्धं कपाट बाकी आहे. धुतलेली रेकॉर्ड जुन्या पाकिटात घालणं म्हणजे आंघोळ करून पारोसे कपडे घालणं. म्हणून नवी आतली पाकिटं मागवली आहेत, ती यायची आहेत. तोवर एल.पी. उभ्या ठेवायला घरात एकच जागा सोयीची निघाली. परवा मेहुणे अचानक जेवायला आले. पानं घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ताटाळ्यासमोर थबकले.

“ताई, ताटं कुठायत?”

“ओट्याखाली, परातीत,” ही म्हणाली. “ताटाळ्यात ह्यांचे बुवा निथळतायत.”